एका नावाच्या दोन डिस्क
बाळांनो, काल पाठवलेली, आम्ही घरच्या बायकांनी म्हटलेली भुलाबाईची गाणी इतकी वर्षं टिकली कशी, असं विचारलंत म्हणून सांगते. कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत आमचा अमरावतीचा कॉम्प्युटर बिघडला. नवा घेणं शक्य नव्हतं. गाणी फक्त त्याच्या आतल्या डिस्कवर होती. ती काढून, टॉवेलात गुंडाळून मी एसटीने अकोल्याला नेली. पुतणीने आपल्या कॉम्प्युटरला जोडली, तर तो सुरूच होईना. “काकू, तुमच्या अन् आमच्या डिस्कांतल्या कप्प्यांचं नाव एकच आहे. कोणता उघडावा ते त्याले समजून नाही राहिलं.” तिची आई, माझ्या जाऊबाई, लाडू वळता वळता म्हणाल्या, “मंग अडून काहून बसली? माहं नाव सासूचंच होतं, तर लग्नात माहंच बदललं ना? या नवीन आलेलीचं बदल!” पुतणीने हसत, दुरुस्तीच्या सीडीवरून तसंच केलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि गाणी घुमली. सगळ्यांच्या वर जाऊबाईंचा बेसूर आवाज. “माहा तेवढा पुसून टाक वं,” त्या लाजल्या. आम्ही नाही पुसला. तो अजून शाबूत आहे.