खालच्या खणातले रिपोर्ट

तुमच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट तुमच्या हातात कोणी ठेवला होता? चेहरा आठवतो का? आठवत नसेल तर बहुधा तो यंत्रातून आला असेल. आणि ते यंत्र तिथे बसवण्यात माझ्यासारख्या कोणाचा तरी हात असेल. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. मला या सगळ्याची किळस येते, आणि त्यातली निम्मी माझी स्वतःची आहे.

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यालगत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीला होते. नावं, वयं, नमुन्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढंच काम. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. रविवारी दुपारी आम्ही सगळे जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो, आणि घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. ‘हक्क’, ‘निषेध’, ‘जाहीर’ हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून ओळखता येत होते. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की जगात एक बाजू बरोबर असते, एक चूक असते, आणि मी बरोबर बाजूला जन्मले आहे.

लॅबमध्ये रिपोर्ट मिळायचे एका खिडकीवर. काच, काचेला खाली अर्धगोल भोक आणि आत काकू. त्या यवतमाळकडच्या. नवऱ्याला इथे कारखान्यात काम लागलं तेव्हा पुण्याला आल्या. पुढे नवरा दम्यानं घरी बसला आणि घर या खिडकीवर चालायला लागलं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण जीव लागला की वऱ्हाडी बाहेर पडायची.

खिडकीला एक जुनी रीत होती, लॅबच्या मालक डॉक्टरांच्या वडिलांनी पाडलेली. तेही डॉक्टरच. रिपोर्टमध्ये काही वाईट निघालं तर सही करताना ते कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब द्यायचे. टिंब असलेले रिपोर्ट काकूंच्या टेबलाच्या खालच्या खणात जायचे. तो माणूस खिडकीशी आला की काकू म्हणायच्या, “सही राहिलीये हो डॉक्टरांची. संध्याकाळी सातला या. आणि घरचं कोणीतरी सोबत घेऊन या.” संध्याकाळी डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलायचे. ते नसले तर काकू त्या पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरला फोन लावून द्यायच्या आणि तोवर त्या माणसांजवळ बाकावर बसायच्या. थोरले डॉक्टर गेले, मुलगा मालक झाला, तोही सवयीनं टिंब देत राहिला.

मग आजूबाजूला इमारती उठल्या, कंपन्यांच्या बसगाड्या चौकात थांबायला लागल्या आणि लॅबच्या सूचनावहीत इंग्रजीतून तक्रारी यायला लागल्या. खिडकीवर वेळ फार लागतो. बाई गप्पा मारतात. एकानं लिहिलं होतं की एटीएममधून नोटा निघतात तर इथून कागद का निघत नाही.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून ती वही दाखवली. “वाचा. आपल्या काकू गप्पा मारतात म्हणे. आपण त्यांना आकाशवाणीवर पाठवू आणि इथे मशीन बसवू.”

“आणि खिडकी?” मी विचारलं.

“मशीन चाललं तर खिडकी कशाला? काचेला धूळ बसते.”

म्हणजे काकूंची नोकरी या यंत्रावर टांगलेली होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर कधीतरी कळलं अशी सबब माझ्याकडे नाही.

यंत्र घ्यायचं तर विक्रेत्याला खिडकीवरच्या कामाची यादी हवी होती. ती करायचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवस मी काकूंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. नंबर विचारणे, पावती तपासणे, रिपोर्ट शोधणे, पाकिटात घालणे, पाकिटावर नाव लिहिणे. काकूंना वाटत होतं की यादी नीट झाली तर आपलं काम किती आहे ते डॉक्टरांना दिसेल. त्या उत्साहानं सांगत होत्या. एकदा तर मी चहाला उठले तेव्हा त्यांनी स्वतः माझ्या वहीत दोन ओळी वाढवून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोटानं खाली दाखवलं. “खालचा खण लिहिला का?”

लिहिला होता. मग त्यांच्यासमोरच मी ती ओळ खोडली.

“काऊन खोडलं?”

“काकू, हे खोटं आहे. सही झालेली असते आणि आपण राहिली म्हणून सांगतो. रिपोर्ट ज्याचा त्याचा. लपवणारे आपण कोण?”

“लपवतो कुठं? सातला देतोच ना. सकाळी माणूस एकटा येते, संध्याकाळी दोघं येतात. तेवढंच.”

“एकट्यानं का नाही घ्यायचा? हक्क आहे त्याचा.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा नंबर पुकारला. मला वाटलं, त्यांना पटलं. मी पंचवीस वर्षांची होते. समोरचं माणूस गप्प झालं की मुद्दा जिंकला असं मला वाटायचं.

यादी घेऊन डॉक्टर आणि मी भोसरीला गेलो. एका शेडमध्ये पत्रे कापून यंत्रांची खोकी तयार होत होती. रांगेत आठ-दहा उभी, सगळी एकसारखी, पडद्याच्या जागी चौकोनी भगदाड. विकणारा माझ्याच वयाचा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन.

“सर, हे बँकेचं, हे थिएटरचं, हे एका देवस्थानाचं, डोनेशनसाठी. बॉडी सेमच असते. आपण फक्त स्टिकर चेंज करतो.”

“म्हणजे चुकून आमच्याकडे देवस्थानाचं आलं तर?” डॉक्टर म्हणाले.

“नाही सर, टेस्टिंग होतं.”

“टेस्टिंग आमच्याकडेही होतं. म्हणून विचारलं.”

त्याला ते कळलं नाही. त्यानं एक फॉर्म पुढे केला आणि माझी यादी बघत एकेक रकाना भरायला लागला. पाकिटाची सोय हवी का? त्याचा वेगळा भाग येतो. डॉक्टर म्हणाले, “नको. कागद वाचेल. हल्ली पर्यावरणाची फार काळजी असते लोकांना.” मग तो रकाना आला. सगळे रिपोर्ट एकाच पद्धतीनं द्यायचे का, की काही वेगळे?

“मॅम, एक्सेप्शन्स असतील तर आत्ताच सांगा. नंतर कॉस्टिंग वाढतं.”

टिंब देणारा हात डॉक्टरांचा होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, “वेगळे काही नाहीत. आपला रिपोर्ट मिळणं हा पेशंटचा हक्क आहे.”

“वा,” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललात.”

“मॅम, क्या लाइन है,” तो मुलगा म्हणाला. “ही स्टिकरवर घेऊ का?”

घेतली. पंधरा दिवसांनी यंत्र आलं तेव्हा त्याच्या कपाळावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : तुमचा रिपोर्ट, तुमचा हक्क. ज्या शब्दासाठी माझ्या बापानं दोनदा निलंबन भोगलं, तो मी एका पत्र्याच्या खोक्याला फुकट चिकटवून दिला होता. आणि त्या दिवशी मला त्याची लाज नाही वाटली. थोडा अभिमानच वाटला.

यंत्राला झेंडूचा हार घातला. पेढे आणले. डॉक्टर म्हणाले, “काकू, पूजा तुमच्या हस्ते. तुम्ही ज्येष्ठ.” काकूंनी पडद्याला हळदकुंकू लावलं, आणि पाणी तारांवर उडू नये म्हणून जरा लांब सरकून नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेला आतून कागद चिकटला. काकूंच्या खांद्यावर ‘मे आय हेल्प यू’ लिहिलेला पट्टा आला. महिनाभर त्यांनी लोकांना बोट कुठे ठेवायचं ते शिकवायचं होतं. लोक शिकले की काकूंचं काय, हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. त्या मात्र मनापासून शिकवत होत्या. त्यांना काम अर्धवट करता येत नसे.

आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला एक निवृत्त शिक्षक आले. एकटेच, हातात कापडी पिशवी. पावतीवरचा नंबर त्यांना दिसत नव्हता, म्हणून काकूंनीच तो पडद्यावर दाबला. कागद खालच्या खाचेत पडला. उघडा, पाकीट नसलेला. काकूंची नजर सवयीनं कोपऱ्याकडे गेली. टिंब नव्हतंच. यंत्राच्या कागदाला पेन्सिल लागतच नाही. पण मधल्या ओळीतले शब्द काकूंना इतक्या वर्षांत पाठ झाले होते.

“बाई, हे काय लिहिलंय?” सरांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं नाही. सरांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि स्वतः वाचला. मग पुन्हा वाचला. पडद्यावर पाच चेहरे आले होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. तुमचा अनुभव कसा होता? एक चेहरा दाबल्याशिवाय यंत्र पुढच्या माणसाला नंबर टाकू देत नसे. मागे सहा-सात जण उभे होते.

“काका, एक दाबा ना पटकन,” मागचा कानातली वायर काढत म्हणाला. “मीटिंग आहे.”

“अहो, झालं असेल तर सरका,” आणखी मागून एक बाई.

सर आयुष्यभर रांगा लावणारे. त्यांनी कोणाचा खोळंबा केला नाही. हात पुढे करून जवळचा चेहरा दाबला. सगळ्यात हसरा तोच होता. धन्यवाद, पुन्हा भेटू, असं पडद्यावर आलं. मी चार हातांवर बसून हे बघत होते.

बाक यंत्रासाठी जागा करताना हलवला होता. काकूंनी सरांना जिन्याच्या पायरीवर बसवलं, खांद्यावरचा पट्टा काढून पर्समध्ये कोंबला आणि त्यांच्या मुलीचा फोन नंबर विचारून घेतला. मुलगी येईपर्यंत तास गेला. तेवढा वेळ यंत्रापाशी मदतीला कोणी नव्हतं आणि कोणाचं काही अडलं नाही. डॉक्टरांनी ते बरोबर टिपलं.

मुलगी सरांना घेऊन गेल्यावर काकू केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेले.

“खालचा खण सुरू करा,” काकू म्हणाल्या. “तेवढ्यापुरती खिडकी उघडी ठेवा. पगार कमी द्या, चालेल मले.”

“काकू, मशीनला खण नसतो.”

“टिंब तुम्हीच देत होता ना?”

डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला. “यादी यांची आहे. मी फक्त सही केली.”

मी म्हणाले, माझं चुकलं, ती ओळ मी खोडायला नको होती, आपण बदलून घेऊ. डॉक्टरांनी लगेच स्पीकरवर फोन लावला. तो भोसरीचा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला की नक्की करू, पण हा नवीन बदल धरला जाईल, त्याचे वेगळे पैसे. डॉक्टरांनी फोन ठेवला. “वर्षभर जाऊ दे. बघू.”

महिना संपला तेव्हा काकूंना एक साडी आणि एक पाकीट मिळालं. मी मला येत होतं ते केलं. एक पत्रक लिहिलं, घरी बसून, वडिलांना दाखवून. खिडकी पुन्हा उघडा, काकूंना परत घ्या, वाईट रिपोर्ट माणसाच्या हातून द्या. सकाळी लवकर जाऊन ते यंत्राच्या पडद्यावर चिकटवलं. डॉक्टर आले, उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि नखानं कोपरा उचलत म्हणाले, “मजकूर ठीक आहे. चिकटपट्टीचे डाग पडतात हो पडद्याला.”

आणि त्यानंतर? त्यानंतर मी तिथे आणखी पाच महिने काम केलं. राजीनामा फेकला वगैरे काही नाही. पगाराच्या दिवशी पगार घेतला. यंत्रातून कागद पडल्याचा आवाज ऐकत राहिले आणि कोणता कागद कोणत्या माणसाच्या हातात जातोय ते बघायचं टाळत राहिले. खुर्चीची दिशा बदलून घेतली मी. मला सगळ्यात जास्त शिसारी येते ती याची.

काकू पुढे एकदा बसस्टॉपवर भेटल्या. एका घरी स्वयंपाकाचं काम करत होत्या, सकाळ-संध्याकाळ. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“यादी चांगली केली होती तू. मी पाहिली ना, अक्षर भारी तुझं.” मग बस दिसते का ते बघत, “पण मी सांगून राह्यली होती तुले.”

बस आली आणि त्या चढल्या. त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. केलं असेल तरी ते मला नको आहे.

या शहरात आता माझ्या वयाची हजारो माणसं हेच काम करतात. दुसऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं, तो काय करतो ते लिहून घ्यायचं आणि ती यादी यंत्र विकणाऱ्याला द्यायची. हे वाचणाऱ्यांतही काही असतील. त्यांच्याकडे माझी एकच मागणी आहे. यादी पूर्ण झाली की ती घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ नका. ज्याचं काम त्यात लिहिलंय त्याच्यासमोर बसा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवा. हे झालं की तुझी जागा जाऊ शकते, हेही त्याच तोंडानं सांगा. तो म्हणेल की हे राहिलं, तर ते लिहा. तुम्हाला पटो न पटो, लिहा. तुम्ही खोडलेली ओळ तो पुन्हा लिही म्हणाला तर पुन्हा लिहा. आणि शेवटी त्याची सही घ्या. तो सही देत नसेल तर तुम्हीही देऊ नका.