अंगठा उशीवर

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. म्हणजे श्वासही ती दोन टाक्यांच्या मध्ये सवड काढून घेते. दुकानात मशीनचं तोंड भिंतीकडे, म्हणून ताईचंही भिंतीकडे. पाठीमागे रस्त्यावरून आगीचा बंब घणघणत गेला तरी ती वळायची नाही. दारात कोणी थबकलं तर म्हणायची, "बाजूला व्हा, उजेड अडतोय."

यंदा तिचा उजवा अंगठा सुजून टम्म झाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन आठवडे पूर्ण विश्रांती. नाहीतर शस्त्रक्रिया. मग कात्री पुन्हा धरता येईलच असं नाही." ताईचा चेहरा एवढासा झाला. कात्री सुटली तर तिच्याकडे उरणार काय?

भाऊजी तिला घाबरतात, म्हणून राखणीला मी. लोक चोर शिरू नये म्हणून पहारा देतात. मी सख्ख्या बहिणीनं काम करू नये म्हणून!

पहिल्याच दिवशी डाव्या हातानं बटणं लावताना पकडली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून कचकच ऐकू आली.

"ताई, काय चाललंय?"

"नखं कापतेय!"

बाहेर आली तेव्हा टॉवेलखाली पँटचा एक पाय लोंबत होता. मी सुया-कात्र्या झाडून सगळ्या जप्त केल्या, तर बाईसाहेबांनी मलाच कामाला जुंपलं.

"अरे, कड दुमडतोयस की पोतं शिवतोयस?"

"तू विश्रांती घे गं!"

"घेतेय की! तुझ्या डोक्यावर उभी राहून घेतेय, दिसत नाही?"

आणि शिकवताना तिचा अंगठा हवेतच कात्री चालवायचा. आठवडा संपला. माझ्या बोटांना पट्ट्या, तिची सूज जशीच्या तशी.

माझं डोकं फिरलं. तिला दुकानात नेलं, मशीनवर झाकण घातलं, गिऱ्हाइकाची खुर्ची रस्त्याकडे फिरवली आणि तिचा अंगठा उशीवर ठेवला. "आता बस. नुसती बस!"

बराच वेळ ती धुमसत होती. मग म्हणाली, "समोर केस कापायचं दुकान कधी झालं रे?"

"आपल्या आधीपासून आहे!"

तेवढ्यात एक बाई ताईनंच शिवलेला कोट घालून भराभरा निघून गेली. ताई पुढे वाकली. "खांद्यात ओढतोय बघ. आरशापुढे छान बसला होता." मग हळूच म्हणाली, "माणसं माझे कपडे घालून चालतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं रे."

त्यानंतर ती रोज आपण होऊन बसू लागली. आधी खांदे बघायची, मग माणसं, मग काहीच नाही. उन्हात तोंड उघडं टाकून मजेत डुलक्या घ्यायची. अंगठ्याची सूज उतरली. डॉक्टरीणबाई खूश. मी कात्री परत दिली, ताई आता कोट खांद्यात सैल शिवू लागली, आणि मी म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय! दुपार झाली की ताई खुर्चीत.

"ताई, लोक खोळंबलेत!"

"मग तू लाव ना बटणं. हात छान बसलाय तुझा. मी जरा बसते."

आजही मी भिंतीकडे तोंड करून बटणं लावत होतो. मागे दारात सावली पडली. मी खेकसलो, "बाजूला व्हा, उजेड अडतोय!"

खुर्चीतून ताई खुदकन हसली.