परत आलेली इसवण

सरकारी दवाखान्याला कोणी नावं ठेवली की मी भांडायला उठतो, आणि कोणी त्याची स्तुती केली तरी उठतो. दोन्हीकडून भांडायचा हक्क बाबांनी माझ्यासाठी ठेवलाय.

आमच्या बंदरातला दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि एक पिंप. पिंपात लाल औषध. पडसं, पोटशूळ, विंचू, सासू, सगळ्यांवर तेच. बाटली घरून न्यायची, म्हणून प्रत्येकाच्या औषधाला त्याच्या घरच्या खोबरेल तेलाचा वास. पण त्या एकाच बाकावर खोत आणि मासेवाली शेजारी बसलेली मी या डोळ्यांनी पाहिलीत. खोत मध्ये उपरणं अंथरी, एवढंच.

एकदा बाबांच्या तळव्यात शेंगाळ्या माशाचा काटा घुसला. हात सुजून माडाच्या बुंध्याएवढा झाला. घाटावरून आलेल्या तरुण डॉक्टरने चीर दिली, पंधरा दिवस स्वतः पट्ट्या बदलल्या आणि काही म्हणजे काही घेतलं नाही.

हात बरा झाल्यावर बाबांना इसवण, म्हणजे सुरमई, मिळाली. ती थेट दवाखान्यात नेली. डोकं डॉक्टरच्या टेबलावर पोचलं तेव्हा शेपटी अजून वाळूत होती! डॉक्टर शाकाहारी. खुर्चीसकट मागे सरकला.

"अहो, मला सरकार पगार देतं. परत न्या ते."

बाबा इसवण खांद्यावर टाकून भर बाजारातून परत आले. सगळ्या बंदराने पाहिलं.

"कित्या घेवक नाय?" आईने विचारलं.

"ल्हान वाटली आसतली," बाबा म्हणाले. "पुढच्या खेपेक मोठी नेतलंय."

मग मृग लागला, होड्या वर ओढल्या आणि बाबांना खोकला धरला. आषाढात थुंकीत रक्त दिसलं. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण बाबा जाईनात. पावसाळ्यात समुद्र बंद, मोठा मासा आणायचा कुठून?

"हातात मासो नाय, तर तोंड खंयचा दाखवू?"

"सुके बांगडे न्हेवा," मी म्हटलं.

"डॉक्टराक? गाढवा, लोक हसतले माका. नारळी पुनव होवंदे."

"तुमचो जीव मोठो काय मासो मोठो?" आई रडत ओरडली.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी चोरून लाल औषध आणलं, तर ते बाबांनी मला माडाच्या मुळात ओतायला लावलं. "फुकटचा माडाक घाल," म्हणाले.

पुनवेला समुद्राला नारळ मी सोडला. बाबांना उठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौघांनी खुर्चीवर बसवून नेलं. वाटभर बाबांनी तोंडावर पंचा घेतला होता. त्यांचे रिकामे हात मात्र मांडीवर उघडेच राहिले.

डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मला बाहेर नेऊन म्हणाला, "दोन महिने आधी आणायचं होतं."

त्याने चिठ्ठी दिली, एसटीत जागा मिळवून दिली. जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात खाट मिळाली, सुया मिळाल्या, दोन वेळची पेज मिळाली. एक नर्स बाबांचं थुंकीचं भांडं नाक न मुरडता धुवायची. आमच्या सात पिढ्यांत कोणाची इतकी सेवा झाली नसेल. बाबा मात्र खाटेवर अंग चोरून असत.

"झिला," एकदा हळूच म्हणाले, "हयसर सगळे देतत रे. घेणारो कोण नाय."

नवरात्रात ते गेले.

त्यानंतर मला पहिली इसवण मिळाली ती बाबांच्या इसवणीपेक्षा वीतभरच मोठी. खरं सांगतो, वीतभरच. मी ती दवाखान्यात नेली. बाकावर सातआठ माणसं होती. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग माशाकडे. उठला आणि दोन्ही हात पुढे केले. मासा कसा धरतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पाण्याने ओलं झालेलं तान्हं मूल धरावं तसा धरून तो उभा राहिला. सदऱ्यावर पाणी गळत होतं. खाली कुठे ठेवायचा, हे काही त्याला सुचेना, आणि मीही सांगितलं नाही.