हातात आला तेवढा दोर

दोर धरणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. पाय रोवायचे, दोर कमरेमागून घ्यायचा, टाकीच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. आमच्या टाक्या साफ करणाऱ्या टोळीत हे काम मामांसारखं कुणी केलं नाही. वर मामा असले की मी खाली निवांत गाळ उपसायचो.

मामा मधूनमधून दोराला हिसका द्यायचे. खालच्याने उलट हिसका दिला की पुटपुटायचे, "देवा, तुझे उपकार." दर वेळी. आम्ही चिडवायचो, "मामा, देवाला जरा दम खाऊ द्या!"

"मिळालं त्याचे मानतो. पुढचं मागत नाही," ते म्हणायचे.

त्या वर्षी कामं आटली होती. आत हवा सोडायचा पंखा जळला होता आणि मुकादम दुरुस्तीचं नाव काढत नव्हता. नाही म्हणावं, तर फाटकाबाहेर दुसरी टोळी उभी. अशात कातड्याच्या कारखान्यातली एक टाकी आम्ही उघडली. आधी सडका वास आला, मग येईनासा झाला. वास गेला नव्हता, आमची नाकं मेली होती.

उतरायची पाळी मामांच्या जावयाची होती. मामांच्या मुलीला दिवस गेले होते, मजुरीचा रोज बुडवणं परवडणारं नव्हतं.

"जावईबापू, पंखा येऊ दे," मी म्हणालो.

"काका, पंखा येईपर्यंत पोरगं चालायला लागेल!"

 मामांनी त्याच्या छातीवरची दोराची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघितली.

जावई खाली उतरला. मामांनी हिसका दिला, उत्तर आलं. "देवा, तुझे उपकार." पुन्हा दिला. आलं, पण ढिलं. मामांनी उपकार मानले आणि पाय आणखी रोवले. त्यानंतरच्या हिसक्याला काहीच आलं नाही.

"ओढा!"

शुद्ध हरपलेला माणूस ओल्या पोत्यासारखा जड असतो. तळहात सोलून निघाले. हातभर दोर आला की मामा म्हणत, "देवा, तुझे उपकार." मी भडकलो. "कसले उपकार, मामा? तो हलत नाहीये!"

"हातात आला तेवढ्या दोराचे. ओढ तू."

जावई वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. मामांनी त्याच्या छातीला कान लावला. आम्ही मामांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोंड बंदच. कितीतरी वेळ बंद. मग ते शब्द आले, अगदी हळू, आणि मागून जावयाचा खोकला.

त्याला दवाखान्यात नेलं. मामा दोर गुंडाळून फाटकाशी आले, तर दुसरी टोळी आत शिरत होती.

"पंख्याशिवाय उतरू नका रे," मामा म्हणाले.

"आम्हालाही घरदार आहे, मामा," त्यातला एक म्हणाला आणि पुढे गेला.

मी म्हटलं, चला, जावयाकडे जाऊ. मामा तिथेच भिंतीला टेकून बसले. दोर मांडीवर, नजर टाकीकडे. तिथे झाकण सरकल्याचा आवाज झाला. मामांनी डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदाच ते देवाकडे पुढचं मागत होते.