बंडोपंतांचं द्राक्षासव

वसमतचे वैद्य बंडोपंत दरवर्षी परसातल्या जुन्या वेलीच्या द्राक्षांचं आसव घालत. गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं टाकून रस मातीच्या घड्यात भरायचा, तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि घडा महिनाभर भुशात पुरून ठेवायचा. लिंपण्याचं काम त्यांच्या बायकोचं, प्रेमाताईंचं. त्या गेल्या आणि यंदा पंतांनी एकट्यानंच सगळं उरकलं.

आज घडा उघडला तर आंबट भपकारा आला. लिंपण तडकून आत हवा शिरली होती. आसवाचा सिरका झाला होता.

तेवढ्यात शिरड शहापूरचा ग्यानबा आसव न्यायला रिकामी बाटली घेऊन आला. तापातून उठलेल्या त्याच्या बायकोला अन्न गोड लागत नव्हतं.

"यंदा बिघडलं रे," पंत म्हणाले.

"काहून? तुमचं तर कदी बिघडत न्हाई."

"ते हिच्या हातचं होतं."

ग्यानबानं बाटली काखेत धरली. "मंग पुढच्या साली येतो."

"येऊ नकोस. आता माझ्यानं होत नाही."

"बरं, हे आंबटच द्या थोडं. कालवणात टाकंन, तिच्या तोंडाला चव तरी येईल."

पंतांनी बाटली भरून दिली. तो गेल्यावर ते वेलीखाली बाजेवर आडवे झाले. प्रेमाताई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना दुपारची झोप लागली.