मॅगझिनमधली कणी

माझी सारी नोकरी शस्त्रागारात गेली. कोणतं खातं, कोणतं ठाणं ते लिहीत नाही, कारण चूक खात्याची नव्हती, माझी होती. मी आर्मोरर होतो. रायफली मोजायच्या, नळ्यांतून तेलाची चिंधी फिरवायची, पिस्तुलं खोलून पुसून पुन्हा जोडायची आणि साहेबांनी विचारलं की "सगळं ठीक आहे सर" म्हणायचं. यातलं शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून करायचो.

माझा एक मित्र तिथेच हवालदार होता. नेम असा की पंचवीस मीटरवरच्या पुठ्ठ्यावर त्याच्या दहा गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसायच्या. त्या वर्षी विभागाच्या नेमबाजी संघात एक जागा होती आणि दसऱ्यानंतरच्या सरावात जो पहिला येईल तो जाणार होता. म्हणजे तोच जाणार होता. संघाच्या ब्लेझरसाठी त्याने शिंप्याकडे माप देऊनही ठेवलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. टेबलावर पांढरी चादर, त्यावर रांगेत पिस्तुलं, शेजारी रिकामी मॅगझिन, वर झेंडूच्या माळा. मॅगझिन दरवर्षी आडवी ठेवायचो. त्या वर्षी मला शोभेची हौस आली आणि मी ती उभी मांडली, तोंड वर करून, लग्नातल्या सरबताच्या ग्लासांसारखी. अक्षतांसाठी बायकोने निवडलेले तांदूळ काढून ठेवले होते. मी घाईत भलताच डबा उचलला. ठाण्यात येऊन उघडतो तर आत कणी. आमच्या भागात भाताच्या गिरण्या इतक्या, की कोंबड्यांना टाकायला कणीचा एक डबा घरोघरी असतोच. कुंकू आणि तेल लावल्यावर कोणाला कळतं म्हणून मी तीच लाल केली.

मित्र बौद्ध. पूजेच्या वेळी तो बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचा आणि नंतरच्या चहाला आमच्यात यायचा. त्या दिवशी तो दारातून म्हणाला, "माह्या पिस्तुलावर काही टाकू नको, भाऊ. मशीन आहे ते, भूक नाही लागत त्याले."

"तुला संघात जायचं आहे ना? तुझ्यावर जरा जास्तच टाकतो," मी म्हणालो आणि प्रेमाने एक मूठ जास्त टाकली.

पुढचं कळायला मॅगझिन म्हणजे काय ते सांगतो. पिस्तुलाच्या मुठीत जी पत्र्याची लांबट डबी सरकवतात, ती मॅगझिन. तिच्यात स्प्रिंग असते आणि स्प्रिंगवर एक छोटी पाटी, त्या पाटीवर गोळ्या. एक गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड, झटक्याने मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना खालून वर आलेली नवी गोळी नळीत सारतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी. पाटी जराशी तिरपी अडली तरी गोळी वेळेवर वर येत नाही, नाक खाली घालून मध्येच बसते. पाटीच्या कडेला जी फट असते तिच्यात अख्खा तांदूळ शिरला नसता. कणी आरामात शिरली.

सरावाआधी मॅगझिन खोलून स्प्रिंगा काढायला हव्या होत्या. मी ती बाहेरून पुसली. छान चमकत होती.

सरावाच्या दिवशी मित्राची पहिली गोळी बरोबर मध्ये लागली. दुसरी अडकली. त्याने शिकवल्याप्रमाणे मॅगझिनच्या बुडावर तळहात मारला, स्लाइड ओढली, पुन्हा नेम धरला. तिसरी गेली, चौथी अडकली. मग पाचवी. शेजारचे लोक गोळ्या संपवून त्याच्याकडे पाहत उभे. साहेब नवे होते, पुण्याकडचे, आणि त्यांनी अशात कुठलंसं प्रशिक्षण घेतलेलं होतं.

"पिस्तुलात दोष नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मनगट ढिलं आहे. हात ताठ नसला की धक्क्याबरोबर सगळं पिस्तूलच मागे येतं, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि गोळी अडकते."

सांगितलं ते खोटं नव्हतं. असं होतं. फक्त त्या दिवशी झालं नव्हतं.

"सर, मनगट नाही," मित्र म्हणाला. "गोळी वरतंच येऊन नाही राहिली."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅगझिन तपासली होती?"

मित्रही माझ्याकडे पाहत होता, अगदी निर्धास्त. त्याला वाटलं, आता आपला माणूस बोलेल.

"सगळी तपासली होती सर," मी म्हणालो.

शस्त्रागारात येऊन मी त्याचं मॅगझिन खोललं. बूड सरकवलं, स्प्रिंग काढली आणि पाटीबरोबर लाल कणीचे तीन तुकडे हातात आले. एवढ्यात बाहेर बूट वाजले. ज्या खात्यात पुरावा जपायला शिकलो, त्या खात्याच्या टेबलाशी उभं राहून मी पुरावा तोंडात टाकला आणि गिळला. बंदुकीच्या तेलाची चव दोन दिवस जिभेवर होती. संध्याकाळी बायकोने विचारलं, "भाजीत काही पडलं का? तोंड काऊन असं करून राहिले?" मी म्हणालो, "पित्त झालं."

संघात दुसराच गेला. मित्राचं नाव त्या दिवसापासून ढिल्ला पडलं. चहाचा कप हिंदकळला की कोणीतरी म्हणायचंच, "अरे, ढीले हवालदार, दोनों हाथ से पकड़ो." आपलं गाव सीमेवरचं, अर्धी मस्करी हिंदीतच व्हायची. तो हसायचा. मग त्याने विटा उचलायला सुरुवात केली. रोज सकाळी दोन हातांत दोन विटा, मनगटं वरखाली. रबरी चेंडू दाबत तो बंदोबस्ताला उभा राहायचा. काही वर्षांत मनगट एवढं जाड झालं की घड्याळाचा पट्टा पुरेना. तो राहायचा त्या फुलचूरमध्ये ज्याच्या घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नसे, तो ती घेऊन याच्याकडे यायचा. पण पिस्तूल त्याने पुन्हा मनापासून धरलं नाही. वायरलेसवर बदली मागून घेतली आणि तिथूनच निवृत्त झाला.

मी सांगणार होतो. आधी म्हटलं साहेबांची बदली होऊ दे. मग म्हटलं माझी बढती होऊ दे. मग निवृत्ती झाली आणि आता कायले उकरायचं असं वाटायला लागलं.

यंदा आम्हा निवृत्तांच्या जेवणात पुन्हा तो विषय निघाला. मला वाटलं तो नेहमीसारखा हसेल. तो शांतपणे म्हणाला, "खरंच आहे, बा. माहा हातच तसा होता. साहेबानं ओळखलं, मले नव्हतं समजत." माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्याला चिडवणं वेगळं. हे तर त्याला पटलेलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी मी कुडव्याच्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि फुलचूरला गेलो. तो अंगणात चेंडू दाबत बसला होता.

"काऊन बे, फोन नाही, काही नाही?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. उभी मॅगझिन, कणी, गिळलेले तुकडे. त्याने चेंडू खाली ठेवला. मग विचारलं, "किती तुकडे होते?"

"तीन."

"अन् तू ते खाल्ले."

"खाल्ले."

"बिना मिठाचे," आतून त्याची बायको म्हणाली. ती दाराआड ऐकत होती. "इथं तुमच्या मित्रानं रोज विटा पाडू पाडू माह्या अंगणाच्या फरशा फोडल्या. त्या कोण बसवून देणार, भाऊजी?"

मित्र तिच्याकडे न पाहता म्हणाला, "लिहून दे. सगळ्यायले वाचून दाखवता आलं पाहिजे. माहं नाव टाकू नको, तुहं बी नको. नाहीतर लोक पुन्हा विचारतीन, ढिल्ला तो कोणता." मग त्याने उजव्या हाताची मूठ वळली. मला वाटलं तो मला त्याच हाताने एक ठेवून देणार. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"चष्मा घाल," तो म्हणाला. "मंडई भरली आहे पलीकडच्या गावात. चाल."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. तिच्या गर्दीत तो थेट फुग्यांच्या दुकानासमोर जाऊन थांबला. छर्‍याची बंदूक, लाकडी फळी, त्यावर रंगीत फुगे. इतक्या वर्षांत मी त्याला असल्या दुकानाजवळ पाहिलं नव्हतं. त्याने बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला आणि चाप ओढला. फुगा फुटला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला छर्रा फळीत रुतला. दुकानदार म्हणाला, "चाचा, हाथ हिल रहा है आपका."

मी खाली बघितलं.

मित्राने बंदूक उलटी केली, एक डोळा मिटून नळीवरून नजर फिरवली आणि दुकानदाराच्या पुढ्यात धरली. "हाथ नहीं हिल रहा. तेरी नली टेढ़ी है. ये देख, इधर से देख."

दुकानदार ऐकेना. तो म्हणे, सकाळपासून किती लोकांनी फुगे फोडले. मित्र म्हणे, त्यांनी चुकून फोडले असतील. बघ्यांचा घोळका जमला. मित्राने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "याले विचार. हा आर्मोरर होता. सांग रे, नळी वाकडी आहे का नाही?"

मी बंदूक घेतली, उजेडाकडे धरली आणि या वेळी खरोखर तपासली. नळी डावीकडे वाकलेली होती.

"वाकडी आहे," मी म्हणालो.