पुट्टीखालची रेघ

माझे मामा सुभेदार होऊन पलटणीतून परतले, आणि मुकाट ऊस लावायचं सोडून त्यांनी शिडाची होडी आणली. मुंबईत कुणा साहेबानं टाकून दिलेली, फळ्या उललेली, रंगाचे पोपडे सुटलेली. गूळ उतरवून परत येणाऱ्या ट्रकवर ती आली. उंब्रजला ट्रक चहाला थांबला तेव्हा डोलकाठी बघून लोकांनी विचारलं, ही कुठल्या देवाची सासनकाठी. मामा हे कौतुकानं सांगायचे. लोक आपली टिंगल करतात हे ओळखायला त्यांना पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं.

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेच्या काठी मामांचं गाव. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. बंधाऱ्यामुळे नदीत पाणी असायचं, पण दोन्ही काठांना डोक्यावर गेलेला ऊस. वारा येणार कुठून आणि शीड फुगणार कसं? हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मामांच्या मिशीला गाव भ्यायचं. एका मिशीला भिणाऱ्या गावाबद्दल मला तेव्हाही आदर नव्हता. पण वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आलेली, म्हणजे मीही मामांच्याच भाकरीवर वाढलेलो. तेव्हा माझ्या तुच्छतेला फारसा आवाज नव्हता.

मी सांगलीत पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर. पट्टी न धरता सरळ रेघ मारतो अशी माझी शेखी होती. म्हणून होडी रंगवायला मला बोलावणं आलं, आणि जोडीला गावचा म्हातारा नावाडी.

पूल झाल्यापासून नावाड्याची नाव काठावर पालथी पडली होती. मामांनी त्याला शब्द दिला होता: होडी पाण्यात नीट बसली, की ती तुझ्या हातात, वर्षाचं धान्य माझ्या घरून. म्हाताऱ्याच्या घरात खाणारी तोंडं पाच, आणि हातात दुसरं काही नाही. त्यानं तो शब्द अगदी खरा धरला. मामांचा शब्द खरा धरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

रंग खरवडायला आम्ही बसलो. पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली हिरवा. म्हातारा नाकाजवळ, मधे आणि मागे अशा तीनच जागा खरवडत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं माझं बोट धरून लाकडावर फिरवलं. नखाएवढी बारीक खाच होती, तिन्ही जागी. होडी बांधणाऱ्यानं पाण्याची रेघ, म्हणजे होडी तरंगताना पाणी जिथवर येतं ती, लाकडातच कोरून ठेवली होती, रंग कितीही बदलले तरी हरवू नये म्हणून. मग आम्ही होडी ओंडक्यांवर नीट बसवली, गवंड्याची पाणी भरलेली नळी आणून तिन्ही जागा ताडून पाहिल्या. केसाचा फरक नव्हता. मला त्या कुणा अनोळखी सुताराचा हेवा वाटला.

म्हाताऱ्यानं मामांना बोलावून खाच दाखवली. म्हणाला, "आवं सुभेदार, होडी रिकामी, नुसती काठी आन् शीड चढवलं की पाणी हितं टेकतंय. खालचा रंग ह्याच रेघंपत्तुर फिरवा."

मामांनी वाकूनही पाहिलं नाही. "दुसऱ्यानं घातलेला बांध मी माझ्या रानात ठेवत न्हाई. पुट्टी भर रं भाच्या."

मी पुट्टी भरली. तीही इतकी सफाईदार, की हात फिरवला तर काही लागू नये.

मामांची नवी रेघ पाण्यातच ठरायची होती, आणि तीही चारचौघांसमोर. डोलकाठीला हार घातला, नारळ फुटला आणि मानाची माणसं होडीत चढली. पाटील, सोसायटीचे चेअरमन, मामांचे व्याही. आता मागे कोण बसणार? मागे बसणं म्हणजे पंगतीत चपलांजवळ बसणं. सगळे ढेरपोटे पुढच्या टोकाला दाटीवाटीनं बसले, व्याही तर जागा मनासारखी मिळेना म्हणून फुगले. मागची बाजू मोकळी. होडीचं नाक खाली गेलं, शेपूट वर आली. ही सगळी शहाणी माणसं, गावचे तंटे सोडवणारी.

मी छातीभर पाण्यात पेन्सिल घेऊन उभा. म्हातारा काठावरून सांगत होता की माणसं उतरवा, ही रेघ होडीची न्हाई, बसणाऱ्यांची हाय. मामा म्हणाले, मार रेघ. मी मारली. हातभर वर, पुढे चढलेली, मागे उतरलेली. मग होडी बैलांनी ओढून वर घेतली आणि त्या रेघेखाली मी टपालपेटीचा लाल रंग दिला. कड सुरीसारखी सरळ आली. चुकीच्या जागी इतकी सुंदर रेघ मी पुन्हा कधी मारली नाही.

होडी खरोखर पाण्यात सोडायच्या दिवशी सुकाणू मामांना स्वतः धरायचं होतं, आणि सुकाणू असतं मागे. तेव्हा मामा मागे बसले, पुढे कुणीच नाही. नाक वर उठलं आणि पुढचं सगळं लाल पोट उघडं पडलं. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. धुणं थांबलं. डुंबणाऱ्या पोरांनी म्हशींवर बसून टाळ्या पिटल्या.

मामा उतरून आले. चेहरा त्या रंगासारखाच झालेला. सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "ही रेघ कुणी सांगितली?"

त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, काठावरच्या म्हशींनाही ठाऊक असावं. आई गर्दीत उभी होती. मी म्हणालो, "नावाड्यानं."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही, ते सोसलं असतं. मग मामांना म्हणाला, "व्हय, मी एक रेघ सांगितली व्हती. ती पुट्टीखाली हाय." चपला हातात घेऊन तो घाट चढून गेला. पुढं तो कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला लागल्याचं कळलं. जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस, तो लोखंडाची राखण करत बसला. मामांचा मला राग येतो, पण त्यांची कीव करायला मला अजून जमतं. स्वतःची करायला जमत नाही.

होडी मामांनी परत हाकलीच नाही. ती घाटाच्या खुंटीला रिकामी बांधलेली असायची. दोन पावसाळे गेले, ऊन लागून पुट्टी वाळली आणि तुकड्यातुकड्यानं गळून पडली. माझ्या लाल रंगाची कड वर कुठेतरी वाकडी, आणि तिच्या बरीच खाली ती खाच मोकळी. पाणी तिला पुढे, मधे, मागे, सगळीकडे नेमकं टेकलेलं. सांगलीला जायची माझी वाट त्याच घाटावरून होती. मी लांबच्या बांधावरून जायला लागलो.